पेडगांवची वाट

विनोदी नटींविषयीं माझें मत फारसें चांगलें नव्हतें, हें आरंभींच कबूल करून टाकलेलें बरें. शोकरसाची नटी पाहून घरीं आलों कीं आपण कांहीं तरी पुण्यकर्म करून आलों असें मला वाटे; विनोदी नटी पाहून आलों कीं दोन घटका फुकट गेल्याची चुटपुट लागे. पडावें, धडपडावें, तोंडें वेडींवांकडीं करावींत, डोळे गरगर फिरवावेत, यांत अभिनय तो कसला? आणि हें सारें एका बाईनें करावें, ही तर माझ्या दृष्टीनें कमालच होती. संस्कृत नाटकांतला विदूषक पाहावा तों पुरुष. आमच्या मराठी विनोदांतहि फजिती व्हावयाची ती मुख्यतः चिमणरावांची. बाईनें फार तर बाजूला उभें राहून पदर तोंडाशीं धरावा आणि हंसावें, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं ती समजूत मोडली. मोडणारी नटी अमेरिकेंतली, आणि तिला हें जग सोडून पस्तिसांहून अधिक वर्षें झालेलीं!

तो महिनाअखेरचा दिवस होता. महिनाअखेरीस आमच्या घरीं एक विधि असतो. सौभाग्यवती दूध, किराणा, भाजी वगैरेंच्या हिशेबाची वही आणून माझ्यासमोर ठेवतात. मी चष्मा पुसतों, तांबडी पेन्सिल घेतों आणि बेरजा तपासूं लागतों. कुठें तरी चूक सांपडतेच. कधीं हातचा एक राहिलेला असतो, कधीं दुधाचे दोन दिवस जास्त धरलेले असतात. मी पेन्सिलीनें खूण करून "तुझं गणित कांहीं सुधारायचं नाहीं" असें म्हणतों, त्या हंसतात, आणि पुढील महिन्याचे पैसे त्यांच्या हातीं पडतात. गेल्या चाळीस वर्षांत हा विधि चुकल्याचें मला आठवत नाहीं. त्या रात्रीं तो यथासांग उरकला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. धाकट्या नातवानें आपला संगणक आमच्यापुढें आणून ठेवला, "आजोबा, हें जुनं आहे, तुम्हांला आवडेल" असें सांगितलें, आणि तो आपल्या खोलींत निघून गेला. जुनें म्हणजे आम्हांला आवडणारच, असा या पिढीचा सिद्धांत आहे.

त्यानें लावून दिला होता 'आय लव्ह ल्यूसी' या दूरचित्रवाणी-मालिकेचा एक भाग, १९५२ च्या सप्टेंबरांतला. त्या काळीं आपल्याकडे दूरचित्रवाणी नव्हतीच. मुंबईस ती आली १९७२ सालीं. त्यामुळें अमेरिकेंतल्या घरोघरीं दर सोमवारीं रात्रीं जी बाई पाहुणी म्हणून येत होती, तिची आणि आमची गांठ सत्तर वर्षें उशिरां पडली. आणि पडली ती नेमकी हिशेबावरून. कथेच्या आरंभींच ल्यूसीचा नवरा रिकी तिच्यावर संतापलेला आहे. कारण बँकेंत पैसे नसतांना तिनें चेक दिला आहे, आणि पुढच्या महिन्यापर्यंत हा वटवूं नये अशी बँकेच्या कारकुनाला चेकच्या पाठीवर गोड विनंतीहि लिहिली आहे. मीं सौभाग्यवतींकडे मोठ्या अर्थपूर्ण दृष्टीनें पाहिलें. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

वाद वाढत जाऊन असें ठरतें कीं, बायकांनीं नोकरी करून पैसे मिळवावेत आणि नवऱ्यांनीं घर सांभाळावें. नवरे माणशीं एक रत्तल तांदूळ शिजत घालतात आणि भात भांड्याबाहेर येऊन जमिनीवर पसरतो. इकडे ल्यूसी आणि तिची शेजारीण एथेल एका मिठाईच्या कारखान्यांत लागलेल्या. चालत्या पट्ट्यावरून चॉकलेटच्या वड्या येतात, त्या एकेक कागदांत गुंडाळायच्या. एकहि वडी गुंडाळल्यावांचून पुढें गेली तर नोकरी गेली. प्रथम पट्टा हळू चालतो, आणि दोघी एकमेकींकडे मोठ्या समाधानानें पाहतात. मग तो वेग घेतो. गुंडाळणें अशक्य होतें तेव्हां वड्या तोंडांत जातात, टोपींत जातात, झग्याच्या गळ्यांतून आंत जातात. तेवढ्यांत देखरेख करणारी बाई येते, रिकामा पट्टा पाहून खूष होते, आणि वेग आणखी वाढवायला सांगते. त्या वेळचे ल्यूसीचे डोळे! तोंड भरलेलें, गाल फुगलेले, आणि त्यांवर दोन मोठे डोळे, त्यांत प्रामाणिक नोकराची भीति. मी किती हंसलों म्हणून सांगूं! डोळ्यांतून पाणी येऊन चष्मा काढावा लागला.

"काय पण वेडी बाई आहे!" मी म्हणालों.

सौभाग्यवती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करीत होत्या. हात न थांबवतां त्या म्हणाल्या, "ती वेडी नाहीं हो. वेडी असती तर तिला हें जमलंच नसतं."

ही गोष्ट तेवढ्यावर विसरून जावी असा माझा विचार होता, पण ती विसरली जाईना. मग मीं त्या बाईची माहिती वाचायला घेतली.

ल्यूसिल बॉल हिचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील जेम्सटाउन या गांवीं झाला. वडील टेलिफोन कंपनींत तारा जोडण्याचें काम करीत. पोरगी साडेतीन वर्षांची असतांना ते विषमज्वरानें वारले. त्या दिवसाच्या आठवणींत एक पक्षी तिच्या मनांत कायमचा अडकून बसला, आणि जन्मभर तिला पक्ष्यांच्या चित्रांचेंहि भय वाटे. ज्या खोलीच्या भिंतीवर पक्षी छापलेले असतील तींत ती राहत नसे. आईनें दुसरें लग्न केल्यावर कांहीं काळ तिला सावत्र बापाच्या मातापितरांकडे राहावें लागलें. तीं माणसें इतकीं कडक धर्मनिष्ठ, कीं घरांत स्नानगृहाखेरीज आरसा नव्हता, आणि पोरीनें त्यांत उगाच पाहिलें तर अहंकाराबद्दल बोलणीं बसत. या मुलीनें पुढें १९५५ सालीं हार्पो मार्क्स या मुक्या विदूषकाच्या समोर उभें राहून, त्याच्याच वेषांत, त्याचें आरशांतलें प्रतिबिंब होण्याचा प्रवेश केला. तो मीं तीन वेळां पाहिला आहे. लहानपणीं जिला आरसा मिळाला नाहीं ती मोठेपणीं स्वतःच आरसा झाली, असें म्हणण्याचा मोह होतो. पण असली वाक्यें सुचलीं कीं लेखकानें थोडें सावध व्हावें.

आईचे वडील मात्र प्रेमळ होते. तळ्याकांठच्या सेलरॉन गांवीं त्यांचें घर होतें. तमाशे, कसरती, नकला दाखवणाऱ्या फिरत्या मंडळींचे खेळ ते नातवंडांना दाखवीत. पण १९२७ सालीं त्यांच्या अंगणांत मुलें बंदुकीनें नेम मारीत असतांना शेजारच्या मुलाला गोळी लागून तो पंगु झाला. दावा झाला, आणि आजोबांचें घर गेलें. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका नाट्यशाळेनें तिच्या आईला कळविलें कीं, मुलगी फार लाजाळू आहे, तिच्यावर पैसे खर्च करण्यांत अर्थ नाहीं. त्याच शाळेंत बेटी डेव्हिस शिकत होती आणि सर्वांच्या कौतुकाचा विषय झाली होती! लाजाळू म्हणून परत पाठविलेल्या त्या मुलीनें पुढें कोट्यवधि लोकांच्या देखत तोंडांत चॉकलेट कोंबलें, याचा मी पुष्कळ विचार केला. आपण विनोदी नाहीं, आपण फक्त धीट आहों, असें ती स्वतःबद्दल म्हणे. मला वाटतें, तिच्या कलेविषयीं एवढें खरें दुसऱ्या कोणी लिहिलेलें नाहीं.

१९३३ सालीं ती हॉलीवुडांत गेली ती नृत्याच्या घोळक्यांतली एक मुलगी म्हणून. त्यानंतरचीं पंधरा-सोळा वर्षें मी झटकन् ओलांडतों, कारण तिनेंहि तीं तशींच ओलांडलीं असावींत: दुय्यम बोलपट, दुय्यम भूमिका, क्वचित् एखादी चांगली. १९४३ सालीं केस तांबडे झाले आणि ते तसेच राहिले. गंमत अशी कीं, ज्या मालिकेनें ती जगभर 'तांबड्या केसांची ल्यूसी' झाली ती सगळी काळ्यापांढऱ्या रंगांत आहे. याच काळांत जुना मूकपटांतला बस्टर कीटन यानें तिला वस्तूंशीं कसें वागावें याचे धडे दिले. हातांतली वस्तु ही सहनट आहे असें समजून तिची पुन्हां पुन्हां तालीम करायची. तिचा हा तालमींचा हव्यास सहकाऱ्यांना जड जाई म्हणतात. चॉकलेटचा पट्टा आपोआप चालला असें समजून मी जो हंसलों होतों, त्या हंसण्याची मला थोडी लाजच वाटली.

१९४० सालीं तिनें देसी आर्नाझ या क्यूबांतून आलेल्या वाद्यवृंद-नायकाशीं लग्न केलें. तो तिच्याहून सहा वर्षांनीं लहान, देखणा, उधळ्या, आणि वाद्यवृंद घेऊन सदा गांवोगांव फिरणारा. चार वर्षांत प्रकरण घटस्फोटाच्या अर्जापर्यंत गेलें आणि परत फिरलें. १९४८ पासून ती नभोवाणीवर एका खट्याळ गृहिणीची भूमिका करीत होती. ती लोकप्रिय झाल्यावर हीच कल्पना दूरचित्रवाणीवर आणावी असें कंपनीला वाटलें. ल्यूसिलनें अट घातली कीं, नवऱ्याची भूमिका माझ्या नवऱ्यानेंच करावी. कंपनी म्हणाली, अमेरिकन मुलीचा असल्या परदेशी उच्चाराचा नवरा लोकांना खरा वाटणार नाहीं. खरा नवरा खोटा वाटेल, हें कारण ऐकून मला हंसूं आलें. तिला आलें नसावें. १९५० सालीं या दोघांनीं रंगभूमीवर आपला खेळ घेऊन दौरा काढला आणि लोकांना तो नवरा चालतो हें दाखवून दिलें. यांत कलेचा हट्ट होताच, पण त्याहून मोठा हेतु साधा होता. नवरा रोज संध्याकाळीं घरीं यावा, एवढेंच तिला हवें होतें.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजीं मालिका सुरू झाली. त्या वेळीं असले कार्यक्रम न्यूयॉर्कहून प्रत्यक्ष प्रक्षेपित होत, आणि दूरच्या प्रांतांना पडद्याचें अंधुक चित्रीकरण दाखवीत. या जोडप्याला कॅलिफोर्निया सोडायचें नव्हतें. म्हणून त्यांनीं प्रेक्षक समोर बसवून, एकाच वेळीं तीन कॅमेऱ्यांनीं, बोलपटाच्या फितीवर खेळ टिपण्याची योजना केली. कार्ल फ्रॉइंड या नामांकित छायालेखकानें तिन्ही कॅमेऱ्यांना पुरेल असा एकसारखा प्रकाश वरून योजला. खर्च वाढला तेव्हां दोघांनीं आपलें मानधन कमी करून घेतलें, आणि त्या बदल्यांत फितींची मालकी मागितली. कंपनीनें ती आनंदानें दिली. एकदां दाखवलेल्या खेळाच्या फितींचें कोण काय करणार! त्याच फिती पुढें पुन्हां पुन्हां दाखवल्या गेल्या, आणि त्या विकून आलेल्या पैशाच्या बळावर १९५७ च्या अखेरीस यांच्या 'देसिलू' संस्थेनें आर. के. ओ. हा चित्रपट-कारखाना विकत घेतला. एके काळीं ल्यूसिल तेथें पगारी नटी होती.

येथें न्याय म्हणून सांगितलें पाहिजे कीं, या व्यवहारांतली बुद्धि पुष्कळशी देसीची होती. पण माझें लक्ष वेधून घेतलें तें निराळ्याच विसंगतीनें. पडद्यावरची ल्यूसी दर आठवड्याला नवऱ्याच्या खेळांत काम मागते, नवरा नाहीं म्हणतो, ती वेषांतर करून शिरते, आणि फजिती होते. तिचा चेक परत येतो. तिला हिशेब येत नाहीं. आणि हें सारें जिच्या चेहऱ्यावर आपण पाहतों ती बाई त्या संस्थेची निम्मी मालकीण होती! आपल्याकडे वेड पांघरून पेडगांवला जाणें म्हणतात. ही बाई त्या वाटेनें दर सोमवारीं जाऊन येत होती, आणि पेडगांवहून परततांना सारें पेडगांव विकत घेऊन येत होती.

१९५२ सालीं तिला पुन्हां दिवस गेले. त्यापूर्वीं अनेकदां निराशा सोसून, चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला पहिली मुलगी झाली होती. आतां मालिका बंद करावी कीं काय असा प्रश्न पडला. त्यांनीं ठरविलें कीं, पडद्यावरच्या ल्यूसीलाहि दिवस जावेत. परंतु 'गर्भवती' हा शब्द उच्चारण्याची परवानगी मिळाली नाहीं! कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट व यहुदी असे तीन धर्मगुरु संहिता वाचून पाहत. ल्यूसी आपल्या नवऱ्याला ही बातमी सांगते तो प्रवेश मीं पाहिला आहे. रिकी गाऊं लागतो, आणि मधेंच दोघांच्याहि डोळ्यांत पाणी येतें. तें संहितेंत नव्हतें. प्रवेश पुन्हां घ्यावा कीं काय असा विचार झाला; सुदैवानें तो तसाच राहिला. १९ जानेवारी १९५३ रोजीं सकाळीं तिला शस्त्रक्रियेनें मुलगा झाला, आणि त्याच रात्रीं पूर्वींच चित्रित केलेल्या कथेंत ल्यूसीलाहि मुलगा झाला. सुमारें ४ कोटी ४० लक्ष लोकांनीं तो सोहळा पाहिला. दुसऱ्या दिवशीं आयझेनहॉवर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधि पाहणारे होते सुमारें २ कोटी ९० लक्ष.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत तिच्यावर बालंट आलें. १९३६ सालीं, म्हाताऱ्या समाजवादी आजोबांचें मन राखण्यासाठीं तिनें मतदार म्हणून आपलें नांव कम्युनिस्ट पक्षाच्या सदरांत घातलें होतें. तें उकरून काढण्यांत आलें. त्या दिवसांत एवढ्यावरून कित्येकांचीं आयुष्यें उद्ध्वस्त झालीं. चित्रीकरणाच्या रात्रीं देसी प्रेक्षकांपुढें उभा राहिला आणि म्हणाला कीं, हिच्यांत तांबडें असें काय तें हिचे केस, आणि तेहि खरे नाहींत. लोक हंसले, टाळ्या पडल्या, संकट टळलें. आतांपर्यंत ती हंसवून घर चालवीत होती. त्या रात्रीं हंसवून नवऱ्यानें तिला वांचवलें. या दोघांच्या संसाराविषयीं मीं जें जें वाचलें त्यांत हा प्रसंग मला सर्वांत आवडतो, आणि म्हणूनच पुढचें वाचणें जड गेलें.

कारण नवरा संध्याकाळीं घरीं आलाच नाहीं. कामाचा ताण, मद्य, दुसऱ्या बायका. दर आठवड्याला देशभर त्यांच्या संसारावर लोक हंसत होते, आणि खरा संसार आंतून पोखरला जात होता. अर्ध्या तासाची मालिका १८० भागांनंतर १९५७ सालीं संपली. तासाचे खेळ १९६० पर्यंत चालले. शेवटच्या चित्रीकरणांत कथेच्या ओघानें दोघांना चुंबन घेणें प्राप्त होतें. तें त्यांनीं घेतलें. दुसऱ्या दिवशीं तिनें घटस्फोटाचा अर्ज केला.

१९६२ सालीं देसीचा वांटा विकत घेऊन तिनें संस्थेचीं सूत्रें हातीं घेतलीं. एवढी मोठी दूरचित्रवाणी-संस्था चालवणारी ती पहिली स्त्री. 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन इम्पॉसिबल' या खर्चिक मालिका तिच्याच अमदानींत निघाल्या. संचालक कुरकुरत असतांना तिनें त्यांना पाठिंबा दिला. १९६७ सालीं तिनें संस्था १ कोटी ७० लक्ष डॉलरांना विकली. पण पडद्यावर मात्र ती अजून शिडीवरून पडत होती. लोकांना मालकीण नको होती, ल्यूसी हवी होती. १९८६ सालीं, पंचाहत्तराव्या वर्षीं, तिनें पुन्हां एक मालिका केली. आठ भागांनंतर ती बंद पडली. त्या वयांत पडणारी बाई पाहून लोकांना हंसूं येईना, काळजी वाटूं लागली. त्याच डिसेंबरांत देसी वारला, आणि पांचच दिवसांनीं राजधानींत तिचा मोठा राष्ट्रीय गौरव झाला. तेथें त्यानें आधींच लिहून ठेवलेला निरोप वाचून दाखविण्यांत आला: 'आय लव्ह ल्यूसी' हें आपल्यापुरतें नुसतें मालिकेचें नांव कधींच नव्हतें. २६ एप्रिल १९८९ रोजीं तीहि गेली.

तिच्या सेलरॉन गांवीं २००९ सालीं बसविलेला तिचा पुतळा इतका भेसूर निघाला, कीं लोकांनीं ओरड करून २०१६ सालीं दुसरा बसवून घेतला. पहिल्याचें छायाचित्र मीं सौभाग्यवतींना दाखवलें. त्या म्हणाल्या, "त्यानं तिचं वेड तेवढं पाहिलंन्."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. पहांटे उठून मीं जुन्या हिशेबाच्या वह्यांचें गाठोडें सोडलें. बारा वर्षांपूर्वीं मी दोन महिने रुग्णालयांत होतों. त्या दोन महिन्यांत रुग्णालयाचीं बिलें, औषधें, बँक, मुलीच्या परीक्षेची फी, सारें सौभाग्यवतींनीं एकट्यांनीं पाहिलें होतें. ती वही मला सांपडली. एकेका पानावर चाळीस-चाळीस रकमा, आणि खालीं बेरीज. मीं सगळ्या बेरजा करून पाहिल्या. एकहि चूक नव्हती. तिसऱ्या महिन्यांत मी घरीं आलों; त्या महिन्याच्या पानावर माझ्या तांबड्या पेन्सिलीची खूण आहे. हातचा एक राहिलेला.

याविषयीं मीं घरांत कांहीं विचारलें नाहीं. परवां पुन्हां महिनाअखेर आली. वही समोर आली. मीं चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि बेरजा तपासल्या. भाजीच्या बेरजेंत वीस रुपये जास्त धरलेले होते. मीं मान वर करून पाहिलें. सौभाग्यवती माझ्याकडे पाठ करून खिडकीशीं कपड्यांच्या घड्या करीत होत्या. मीं पेन्सिल खालीं ठेवली.

"बरोबर आहे," मी म्हणालों.

घड्या करणारे हात थांबले. मागें वळून न पाहतां त्यांनीं विचारलें, "नीट पाहिलंत ना?"